सहा हजार केल्विन

चाळिशीनंतर रात्री गाडी चालवताना नीट दिसेनासं झालं की संशय घ्यायला दोनच जागा उरतात : डोळे आणि हेडलाइट. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं की नंबर वाढल्याचं निघतं. म्हणून शहाणी माणसं आधी हेडलाइट बदलायला जातात.

माणगावला जायला ताम्हिणी घाट उतरताना समोरून एखादी एसयूव्ही निळापांढरा झोत तोंडावर मारत येते, तेव्हा आपले दिवे लागलेत की नाहीत हे बघायला खाली उतरावंसं वाटतं. "अहो, तुम्हीही तसले झेनॉन दिवे लावून घ्या की," असं सौभाग्यवतींनी फर्मावलं आणि मी पुण्यात नाना पेठेतलं गाड्यांच्या सामानाचं दुकान गाठलं. बरोबर सासरे, म्हणजे अण्णा. ते निवृत्त फिजिक्सचे मास्तर, आणि कुठेही बरोबर येतात.

"किती केल्विनचा देऊ?" शेठनी विचारलं.

मला उजेड हवा होता, हे तापमान विचारत होते! शेठनी काउंटरवर खोकी मांडली. 4300, 5000, 6000, 8000. साड्यांच्या दुकानात गादीवर बसल्यासारखंच सगळं : हा बघा पांढरा, हा मोतिया, हा जरा निळ्यात जातो, आणि हा जांभळट तर कालच आलाय, तरुण मुलं हाच नेतात.

"सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 5,800 केल्विन," अण्णा म्हणाले. "आणि तुम्ही आठ हजार विकताय?"

"काका, सूर्याला वॉरंटी नाही. ह्याला एक वर्ष आहे."

अण्णांना मग तिथेच तास घ्यावा लागला. केल्विन वाढला की उजेड वाढत नाही, रंग तेवढा निळा होतो, उलट कामाचा उजेड कमीच होतो. गाड्यांच्या कंपन्या स्वतः झेनॉन बसवतात तो 4300 च्या आसपासचा. त्या 4300 च्या खोक्यावर मात्र बोटभर धूळ होती. "त्यात शायनिंग नाही ना साहेब," शेठ म्हणाले.

पुढचा प्रश्न वॉटचा. 35 की 55? हे बरं होतं, कारण आमच्या गाडीतल्या हॅलोजनचा डिपरही 55 वॉटचाच. पण तो हजारेक लुमेन उजेड देतो आणि 35 वॉटचा झेनॉन तीन हजारांच्या घरात, हे कळल्यावर माझा जीव हरखला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, की यात तार नसते, वायूतून ठिणगी पाडावी लागते आणि त्यासाठी बॅलास्ट नावाची डबी सुरुवातीला वीसेक हजार व्होल्टचा झटका देते. मी घरचा मिक्सरसुद्धा पायात चप्पल घालून लावतो.

"एकदा लावून तर बघा," म्हणत शेठनी एक सुटा हेडलाइट बॅटरीला जोडला आणि तोंड रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे केलं. दिवेलागणीची वेळ होती. आधी साधा हॅलोजनचा एच-फोर बल्ब. भिंतीवर स्वच्छ रेघ उमटली, खाली उजेड, वर अंधार. त्या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती वरचा उजेड कापते. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेवर बेतलेला. मग त्याच हेडलाइटमध्ये झेनॉन खोचला. आधी जांभळा, चारदोन सेकंदांत पांढराफेक, आणि रेघ पार गायब. उजेड भिंत सोडून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शिरला. तिथे कपडे काढत असलेल्या आजींनी डोळ्यांवर परकर धरला आणि आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"बघितलंत?" शेठ खुशीत म्हणाले. "समोरचा आपोआप डिपर देतो!"

ट्रकमागे 'यूज डिपर ॲट नाइट' रंगवण्यात उगाच रंग वाया गेला म्हणायचा.

"युरोपात दोन हजार लुमेनच्या वरच्या दिव्याला आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा लागतो," अण्णा म्हणाले. "आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. मूळ गाडीत असे फेरफार चालत नाहीत."

"फवारा आहे ना माझ्याकडे," शेठ म्हणाले. "पाणी येत नाही, नुसता शोसाठी."

शेवटचा उपाय प्रोजेक्टर. त्यात भिंग असतं, रेघ परत येते, आजी सुखी. फक्त तो बसवायला आख्खा हेडलाइट ओव्हनमध्ये गरम करून, डिंक मऊ करून, उघडावा लागतो. आमच्या घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई सोडून काही गेल्याचं उघडकीला आलं तर मलाच आत बसवतील. शिवाय किंमत ऐकून अण्णा, एवढ्या पैशांत माणगावला टॅक्सीने किती वेळा जाता येईल, याचा हिशोब मांडायला लागले.

इतका वेळ पान्हा घेऊन उभा असलेला पोऱ्या माझ्या गाडीकडे गेला, हेडलाइटवर अंगठा घासला आणि तिथूनच ओरडला, "काका, काच पिवळी पडलीय पार. आधी बफिंग करा ना, उजेड आत अडकलाय."

शेठनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचा त्या महिन्याचा पगार मला स्पष्ट दिसला. कुठल्याही केल्विनशिवाय.

बफिंग झालं, 60/55 वॉटचे नवे हॅलोजन लागले आणि त्यांना थेट बॅटरीतून करंट मिळावा म्हणून रिलेची वायरिंग. बिल इतकं किरकोळ झालं, की शेठना ते लिहवेना. पेन तसंच धरून ते म्हणाले, "मग निदान हॉर्न तरी बदला साहेब. ट्रकचा आहे."