वतनदार की पोस्टमास्तर? टाक्सिसच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री झोपताना मोबाइलवर वाचली आणि खोटं कशाला बोलू, जरा लागलीच. सकाळी चहाबरोबर परत वाचली तेव्हा कळलं की चार मुद्द्यांपैकी अडीच तुमचे बरोबर आहेत, म्हणून खाली दोन ओळी खरडून न सुटता नीट सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. गेल्या आठवड्यात मी माक्सिमिलियान कार्लवर लिहिलं होतं, थुर्न उंड टाक्सिस घराण्याचा सहावा प्रिन्स, ज्याच्या घरचं पोस्ट १८२७ ते १८६७ अशी चाळीस वर्षं जर्मनीतल्या कितीतरी संस्थानांत चालत होतं आणि मग प्रशिया या जर्मन राज्याने घेतलं. त्यावर काका, ज्यांनी सदतीस वर्षं आपल्या पोस्टात काढली आणि त्यातली निम्मी आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसच्या, डब्यात उभ्याने सॉर्टिंग करत, त्यांनी लिहिलं: "हा माणूस पोस्ट चालवत नव्हता, पोस्टावर जगत होता. सह्या केल्याने थैल्या हलत नाहीत. हा बिझनेस नव्हे, वतन आहे. आणि तुम्ही टॅक्सी शब्द याच्या नावावरून आला असं ठोकून दिलंय, त्यांचे लोक पत्रं फोडायचे त्यावर अवाक्षर नाही, आणि ३० लाख थालर (तेव्हाचं जर्मन चांदीचं नाणं) मोजून घेतले त्याला लुटलं म्हणताय!"

टॅक्सीचं आधी मिटवतो. माझी चूक. टॅक्सी आली टॅक्सीमीटरवरून आणि त्यातला टॅक्स म्हणजे लॅटिनमधला आकार, शुल्क. घराण्याचं मूळ नाव तास्सो, गाव उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या डोंगरातलं कोर्नेल्लो. इटालियनमध्ये तास्सो म्हणजे बॅजर, तो बिळात राहणारा काळ्यापांढऱ्या तोंडाचा प्राणी, आणि तो त्यांच्या ढालीवर आजही आहे. सतराव्या शतकात त्यांनी मिलानच्या जुन्या तोरे म्हणजे बुरूजवाल्या घराण्याशी नातं लावून घेतलं आणि नावापुढे थुर्न जोडलं. म्हणजे नाव बुरूज आणि बॅजर, टॅक्सीचा संबंध शून्य. मी कुठेतरी वाचलं, आवडलं, चिकटवलं. मूळ लेखातून काढून टाकलंय.

पत्रं फोडण्याचं तर मी खरंच लिहायला हवं होतं. अठराव्या शतकात टाक्सिसच्या काही पोस्टांमध्ये आतली एक खोली असायची, तिला लॉज म्हणत, तिथे निवडक पत्रं हलक्या हाताने उघडायची, नक्कल करायची, परत लाखेची मोहोर उठवायची आणि पुढच्या थैलीत टाकायची, नकला जायच्या व्हिएन्नाला बादशहाच्या दरबारी, म्हणजे जर्मन संस्थानं ज्यात होती त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या बादशहाकडे. १७४८ पासून हेच प्रिन्स रेगेन्सबुर्गला साम्राज्याच्या कायम भरलेल्या सभेत बादशहाचे प्रतिनिधी म्हणून बसायचे. म्हणजे दिवसा सभेत बादशहाची बाजू मांडायची आणि रात्री सभासदांची पत्रं बादशहाला पोचवायची. लोकांना याचा वास नव्हता असंही नाही, म्हणून तर वकिलाती सांकेतिक लिपीत लिहायच्या. बादशहाने दिलेलं टिकवायचं तर बादशहाला काहीतरी द्यावं लागतं, हा त्यातला व्यवहार. तुम्ही तीस वर्षांच्या सहकाऱ्याच्या हातूनही पाकीट चुकून फाटलं तर त्यावर शेरा मारून सही करायचात असं मागे एकदा लिहिलं होतंत, त्यामुळे तुमचा राग समजतो.

आता खरा मुद्दा, वतनाचा. काका, हा शब्द तुम्ही रागाने वापरलात पण तो इतका चपखल आहे की मला तो आधी का सुचला नाही याचंच वाईट वाटलं. १६१५ मध्ये बादशहा माथियासने लामोराल फोन टाक्सिसला साम्राज्याचं पोस्ट वंशपरंपरेने लावून दिलं, सनद, हक्क, वारस, सगळं अगदी आपल्या देशमुखीसारखं. त्याच्या आधी शंभर वर्षं मात्र ते निव्वळ कंत्राट होतं. १५०५ चा करार बघा: फ्रान्स फोन टाक्सिसने ब्रुसेल्सहून इन्सब्रुकला टपाल उन्हाळ्यात साडेपाच दिवसांत आणि हिवाळ्यात साडेसहा दिवसांत पोचवायचं, वर्षाचे ठरलेले पैसे घ्यायचे. ठराविक अंतरावर ठाणी, तिथे ताजा घोडा आणि ताजा स्वार तयार, येणारा लांबूनच शिंग फुंकणार, थैली हातोहात पुढे. सोबत एक कागद जायचा त्यावर प्रत्येक ठाण्यावर पोचल्याची वेळ लिहायची. तुम्हाला हे वाचून हसू येईल कारण उशीर कुणाच्या डोक्यावर फोडायचा हे ठरवायची तीच पद्धत तुम्ही आयुष्यभर पाहिलीत.

आणि तुमच्या अर्थाने "चालवणारं" माणूस त्या घरात शोधायचं तर ती एक बाई आहे. आलेक्झांड्रिना, लामोरालची सून. नवरा १६२८ मध्ये गेला, मुलगा लहान, बाहेर तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं, ठाणी जळतायत, घोडे सैन्य ओढून नेतंय, आणि हिने १६४६ पर्यंत जनरल पोस्टमास्तरकी स्वतः सांभाळली. तिच्यावर वेगळं लिहीन, इथे नाही, नाहीतर हे उत्तर संपायचं नाही.

तर माक्सिमिलियान कार्ल. तो काही थैल्या उचलत नव्हता हे मान्य. राहायला रेगेन्सबुर्ग, रोजचा कारभार फ्रँकफर्टच्या जनरल डायरेक्टोरेटमधून, तिथे पगारी अधिकारी. पण वतनदार म्हणून तुम्ही जो लोडाला टेकलेला माणूस डोळ्यापुढे आणताय तो हा नव्हे, कारण याच्या वतनाखालची जमीनच गेलेली होती. सनद देणारं साम्राज्य १८०६ मध्ये नेपोलियनच्या धक्क्याने संपलं. बादशहाच नाही तर बादशहाची सनद कोण मानणार? बव्हेरियाने दोन वर्षांत पोस्ट स्वतःकडे घेतलं आणि नुकसानभरपाईत पुढे सांक्ट एमेराम नावाचा रेगेन्सबुर्गचा जुना मठ दिला, तोच यांचा राजवाडा झाला. त्या वेळी गादीवर याचा बाप कार्ल आलेक्झांडर, पण धावपळ केली ती मुख्यतः आईने, टेरेझेने. ती प्रशियाच्या राणी लुइझेची सख्खी बहीण, तिने नेपोलियनपर्यंत जाऊन बोलणी केली. १८०८ मध्ये एरफुर्टला सगळे राजे जमले तेव्हा रशियाचा झार आणि फ्रेंच मुत्सद्दी तालेरां रात्री तिच्याच दिवाणखान्यात बसायचे. शेवटी १८१५ च्या व्हिएन्ना करारात, जर्मन संघाच्या, म्हणजे साम्राज्याच्या जागी आलेल्या जर्मन राज्यांच्या संघाच्या, कायद्याच्या १७व्या कलमात, टाक्सिसच्या पोस्टाचा हक्क छापून आला: ज्याला पोस्ट काढून घ्यायचंय त्याने भरपाई द्यावी.

ही अशी गोष्ट चोवीस वर्षांच्या पोराच्या हातात १८२७ साली आली. नीट बघा कशी आहे ती. वर कुणी मालक नाही, खाली डझनावारी मालक. हेसेचे दोन, नासाऊ, थुरिंगियाची ती चिमुकली संस्थानं, लिप्पे, फ्रँकफर्ट शहर, प्रत्येकाशी वेगळा करार, प्रत्येकाला वेगळा हप्ता, कुणाला दरबाराची पत्रं फुकट न्यायला हवीत तर कुणाला पोस्टमास्तर आपल्याच गावचा हवा. आणि प्रत्येकाच्या मनात एकच, प्रशियासारखं आपलं पोस्ट आपण का चालवू नये. व्युर्टेम्बर्गने १८५१ मध्ये भरपाई देऊन काढूनच घेतलं. १८३५ नंतर रेल्वे पसरायला लागली, म्हणजे घोडागाडीचं प्रवासी भाडं गेलं आणि टपालाच्या डब्यासाठी रेल्वेशी आणखी नवे करार आले. गंमत म्हणजे मालक स्वतः राहायचा त्या गावचं पोस्ट बव्हेरियाच्या राजाचं! आपल्या वाड्याच्या दाराबाहेर आपलीच गाडी नाही.

तिकिटांवरून हे सगळ्यात छान कळतं. १८५२ मध्ये टाक्सिसने पहिली तिकिटं काढली तेव्हा दोन संच काढावे लागले, उत्तरेकडच्या भागात सिल्बरग्रोशन आणि दक्षिणेत क्रॉयझर, कारण एकाच पोस्टाच्या हद्दीत दोन नाणी. सॅक्स-कोबुर्ग-गोथाचा ड्यूक एकच, पण गोथाला ग्रोशन चालायचे आणि कोबुर्गला क्रॉयझर. तिकिटावर राजाचं डोकं नाही, कारण छापणार कुणाचं? नुसता आकडा. दर अंतरावर: दहा जर्मन मैलांपर्यंत एक ग्रोशन, विसापर्यंत दोन, पुढे तीन, आणि तो मैल साधारण साडेसात किलोमीटरचा. त्याच १८५२ च्या १ जुलैला आपल्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये सिंध डाकची तिकिटं निघाली, आणि दोनच वर्षांनी हिंदुस्थानात पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. हे कंपनी सरकारला जमलं कारण तिला कुणाला विचारायचं नव्हतं. टाक्सिसला दर बदलायचा तर सगळ्यांच्या दारात जायला लागायचं. म्हणून मी "चालवत होता" लिहिलं. त्याचं चालवणं म्हणजे चाळीस वर्षं करार संपू न देणं. ते तुम्हाला काम वाटत नसेल तर ठीक आहे, पण तो नुसता बसून खात होता असं मी म्हणणार नाही.

पोस्टावर जगत होता हे मात्र शंभर टक्के खरं, आणि चांगलं जगत होता. पैसा सगळा जमिनीत घातला, बोहेमियातलं लितोमिश्ल १८५५ मध्ये घेतलं, त्या आधीपासूनही ठिकठिकाणी इस्टेटी होत्याच. मला वाटतं त्याला कळत होतं की पोस्ट काही कायमचं नाही. घरची बाजू थोडी सांगतो. पहिली बायको विल्हेल्मिना फोन ड्योर्नबेर्ग, बरोबरीच्या घराण्यातली नव्हती तरी १८२८ मध्ये लग्न केलं, ती सात वर्षांत वारली. तिच्या मागे त्याने सांक्ट एमेरामच्या जुन्या मठाच्या आवारात समाधीचं चॅपेल बांधून घेतलं. मग दुसरं लग्न, दोन्ही मिळून सतरा मुलं.

आता लूट. काका, इथे मी शब्द बदलतो पण पूर्ण मागे घेत नाही. तुमचाच धागा पुढे नेतो: वतन खालसा झालं. १८६६ च्या युद्धात टाक्सिस ऑस्ट्रियाच्या बाजूने, ऑस्ट्रिया हरली, १६ जुलैला प्रशियाचं सैन्य फ्रँकफर्टमध्ये शिरलं आणि त्याच्या पाठोपाठ बर्लिनहून हाइनरिश श्टेफान नावाचा पोस्टातला अधिकारी आला आणि त्याने डायरेक्टोरेटचा ताबा घेतला. फ्रँकफर्टच्याच टाक्सिस वाड्यात १८१६ पासून पन्नास वर्षं जर्मन संघाची सभा भाड्याने भरत होती. संघ मेला, पोस्ट गेलं, दोन्ही एकाच शहरात. २८ जानेवारी १८६७ ला करार झाला, ३० लाख थालर, आणि १ जुलैपासून सगळं प्रशियाचं. दाराबाहेर संगिनी असताना झालेल्या सौद्याला मी विक्री म्हणणार नाही. पण फ्रँकफर्ट शहराकडे त्याच सैन्याने अडीच कोटी गुल्डनची खंडणी मागितली आणि तिथल्या मेयरने, फेलनरने, त्यापायी जीव दिला, त्या मानाने प्रिन्सला मोजून पैसे मिळाले हे तुमचं बरोबरच.

श्टेफानबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत पण तुम्हाला तो आवडेल, खरा पोस्टातला माणूस, शिंप्याचा मुलगा, खालून वर चढलेला. १८७४ मध्ये बर्नला जागतिक टपाल संघ स्थापन झाला तो मुख्यतः याच्या खटपटीने, आणि हिंदुस्थान त्यात १ जुलै १८७६ ला गेला. तुम्ही परदेशी थैल्यांवर जे नियम लावत होतात त्यांचं मूळ तिथे आहे.

एक गोष्ट मी मूळ लेखात घातली नव्हती कारण भावनिक वाटेल अशी भीती वाटली, आता घालतो. वारस मुलगा माक्सिमिलियान आन्टोन, ज्याचं लग्न हेलेनेशी झालं होतं, हेलेने म्हणजे सम्राज्ञी सिसीची थोरली बहीण, जिला बघायला ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्स योझेफ गेला आणि धाकटीला पसंत करून आला, तीच. हा मुलगा २६ जून १८६७ ला आजारपणात गेला, वय पस्तीस. पाचव्या दिवशी पोस्ट गेलं. म्हाताऱ्याने त्या आठवड्यात काय केलं असेल कुणास ठाऊक. चार वर्षांनी १८७१ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा गादीवर नऊ वर्षांचा नातू, आणि कारभार परत एका विधवा सुनेकडे, हेलेनेकडे. फक्त आता सांभाळायला पोस्ट नव्हतं, जमिनी होत्या.

असो. तुम्ही शेवटी लिहिलंत की तुमच्या जुन्या अल्बममध्ये टाक्सिसचं एक तिकीट आहे पण कुठल्या भागाचं ते कळत नाही. सोपं आहे, आकडा चौकोनात असेल तर उत्तरेचं आणि गोलात असेल तर दक्षिणेचं. आणि त्यावर शिक्का बहुतेक एकात एक वर्तुळांचा असेल, मधोमध नंबर, तो त्या पोस्टाचा नंबर. भिंग लावून बघा आणि फोटो टाका, नंबर लागला तर गाव शोधून देतो.