दोऱ्यातलं वर्तुळ, ९ चा आकडा आणि सोनेरी गुणोत्तर: त्या फॉरवर्डमधली चारही वाक्यं चुकीची आहेत

स्ट्रिंग आर्टवरचा एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय, बऱ्याच जणांनी बघितला असेल. खिळे आणि दोऱ्याच्या डिझाइनचे चार फोटो आणि खाली चार वाक्यं. एक, चौकोनाच्या कोपऱ्यांत सरळ दोरे ओढले की मधे आपोआप परफेक्ट वर्तुळ तयार होतं. दोन, कितीही खिळे घ्या, कितीही घरं सोडून ओढा, दोरा न तोडता अख्खा तारा होतोच. तीन, हृदयाचा आकार फक्त ९ च्या पटीतल्या खिळ्यांवर उमटतो. चार, आत आत फिरत जाणाऱ्या चौकोनांत सोनेरी गुणोत्तराची (साधारण १.६२) स्पायरल लपलेली आहे. फोटो खरंच सुंदर आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वाक्यं चारही चुकीची आहेत आणि ती चूक पट्टी घेऊन दहा मिनिटांत दाखवता येते.

मी एवढं मनावर घ्यायचं कारण दुसरं वाक्य. माझ्या भाचीने गोलात १२ खिळे ठोकले, ० ते ११ नंबर दिले आणि दर वेळी ४ घरं पुढे दोरा न्यायला लागली. ० वरून ४, ४ वरून ८, ८ वरून परत ०. संपलं. तीन ओढींत त्रिकोण बंद झाला आणि नऊ खिळे तसेच मोकळे. फॉरवर्डमधे लिहिलंय की तारा होतोच, म्हणजे आपलेच खिळे वाकडे बसले असणार असं समजून तिने सगळे उपसून काढले आणि परत ठोकले, आणि अर्थातच परत तेच झालं. मला हे कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं कारण तिचं काहीच चुकलेलं नव्हतं, उलट जे दिसायला पाहिजे तेच तिला दिसत होतं.

नियम शाळेतल्या मसाविचाच आहे. खिळ्यांची संख्या आणि दर वेळी पुढे जायची घरं यांचा मसावि १ असेल तरच दोरा सगळ्या खिळ्यांवरून फिरून सुरुवातीला येतो, नाहीतर मसावि जेवढा तेवढे सुटे तुकडे पडतात. १२ आणि ४ चा मसावि ४, म्हणून चार सुटे त्रिकोण. ३ घरं पुढे गेलात तर तीन चौकोन, २ घरं गेलात तर दोन षटकोन, ६ गेलात तर नुसत्या आरपार सहा रेघा. १२ खिळ्यांवर अखंड दोऱ्याचा तारा एकच, ५ घरं पुढे जाणारा (७ घरांचा म्हणजे तोच, उलट्या दिशेने). १३ खिळे घेतले तर मात्र १३ मूळ संख्या असल्यामुळे २, ३, ४, ५, ६ काहीही घ्या, दोरा तुटत नाही, एकाच बोर्डवर पाच वेगळे तारे निघतात. आणि खिळे जास्त म्हणजे तारे जास्त असंही नाही बरं का, ३० खिळ्यांवर अखंड तारे फक्त तीनच, ७, ११ आणि १३ घरांचे. भाचीने हे ऐकल्यावर वहीत ३० पर्यंतचा तक्ता केला, कुठल्या बोर्डवर किती तारे, आणि आता तो तक्ता बघून किती खिळे ठोकायचे ते ठरवते.

आता पहिलं वाक्य, ते "परफेक्ट वर्तुळ". २० सेमी बाजूचा चौरस घ्या, प्रत्येक बाजूवर १ सेमीवर खूण करा. एका कोपऱ्यापासून एका बाजूला १ सेमीवरची खूण दुसऱ्या बाजूच्या १९ सेमीला जोडा, २ ची १८ ला, ३ ची १७ ला, असं करत जा म्हणजे बेरीज कायम २०. चारही कोपऱ्यांत हेच करा. मधे एक मोकळी गोलसर जागा राहते आणि लांबून ती वर्तुळासारखी दिसते हे खरंय. पण मोजा. कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याच्या दिशेने ती जागा १४.१ सेमी भरते आणि एका बाजूच्या मध्यापासून समोरच्या बाजूच्या मध्याच्या दिशेने १६.६ सेमी. अडीच सेमीचा फरक आहे, हा काही दोरा सैल राहिल्याचा फरक नाही. कंपासने मधे वर्तुळ काढून बघा, एकतर ते कोपऱ्यांकडच्या दोऱ्यांना कापतं नाहीतर बाजूंच्या दिशेला फट राहते.

कारण असं की प्रत्येक कोपऱ्यात जो वक्र दिसतो तो वर्तुळाचा तुकडा नसून पॅराबोला आहे, पुस्तकात ज्याला अन्वस्त म्हणतात तो. प्रत्येक दोरा त्याला फक्त एका बिंदूत चाटून जातो, आणि खुणा समान अंतरावर असल्यामुळे तो पॅराबोलाच होतो, दुसरं काही होऊच शकत नाही. मधला दोरा, १० ला १० जोडणारा, त्याचा बरोबर मध्यबिंदू त्या वक्रावर असतो, आणि तो मध्यबिंदू कोपरा आणि त्याच्या समोरची तिरकी रेघ (दोन्ही बाजूंची टोकं जोडणारी) यांच्या बरोबर मधोमध पडतो. हे मला फार आवडतं कारण हे कोन बदलला तरी बदलत नाही. त्रिकोण घ्या, पंचकोन घ्या, कोपरा टोकदार असो की पसरट, तो बिंदू मधोमधच, आणि त्या कोपऱ्याच्या त्रिकोणापैकी बरोबर एक तृतीयांश भाग दोऱ्यांनी भरतो. पॅराबोलाचं हे क्षेत्रफळ आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी काढून ठेवलंय. आणि आज कॉम्प्युटरच्या ट्रूटाइप फॉन्टमधे अक्षरांच्या गोलाई ज्या वक्रांनी काढतात त्या याच, दोन रेघा आणि त्यांच्यामधे सरकणारी तिसरी. गणित शिकवणाऱ्या मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२ ते १९१६) यांनी मुलांना भूमिती समजावी म्हणून कार्डावर सुई-दोऱ्याने हेच वक्र शिवायला लावले होते, म्हणजे ही कला शिकवण्यासाठीच वापरली गेलीये, आणि म्हणूनच तिच्या नावाखाली चुकीचं शिकवलेलं मला बघवत नाही.

त्याच फोटोत अधिक चिन्हाच्या चार हातांमधे दोरे ओढलेली चांदणी आहे, तिला "अॅस्ट्रॉइड" (चार टोकांचा एक ठरावीक वक्र) म्हटलंय. तेही नाही. अॅस्ट्रॉइड हवा असेल तर प्रत्येक दोरा सारख्याच लांबीचा लागतो, भिंतीला टेकवलेली शिडी घसरते तसा. बेरीज २० वाल्या पद्धतीत टोकाचा दोरा साधारण १९ सेमी आणि मधला १४.१ सेमी असतो. दिसायला साम्य आहे पण खुणांचा नियम वेगळा म्हणून वक्र वेगळा.

खरं वर्तुळ हवंय ना, तर ते ताऱ्यात मिळतं. १५ सेमी त्रिज्येच्या गोलावर २४ खिळे, ७ घरं पुढे. सगळे दोरे एकाच लांबीचे, म्हणून सगळे केंद्रापासून एकाच अंतरावर, आणि मधे ९.१ सेमी त्रिज्येचं वर्तुळ दिसतं. तिथे कंपास बरोबर बसतो.

९ चा पट आणि हृदय. हे लवकर संपवतो. गोलावरच्या प्रत्येक खिळ्याला त्याच्या दुप्पट नंबरच्या खिळ्याशी जोडायचं, नंबर संपले की परत शून्यापासून मोजायचं, की हृदयासारखा कार्डिऑइड येतो (हृदयावरूनच हे नाव गणितज्ञ कास्टिलॉनने १७४१ मधे दिलं). ५० खिळ्यांवर करा, २६ ची दुप्पट ५२, म्हणजे २ नंबर. येतो की नाही बघा. ६१ वर करा, १०० वर करा, येतोच. खिळ्यांच्या संख्येने फक्त वक्र किती गुळगुळीत दिसेल ते ठरतं, आकार ठरतो कितीने गुणता त्यावर. दुपटीला एक आत वळलेलं टोक, तिपटीला दोन, चौपटीला तीन, कायम एक कमी. मग सगळीकडे ३६ आणि ७२ खिळेच का दिसतात? कारण कोनमापकाने खुणा करताना १० अंश किंवा ५ अंश सोपे पडतात आणि ३६० ला त्यांनी भागलं की हेच आकडे येतात, बस एवढंच.

राहिली सोनेरी स्पायरल. २० सेमीचा चौरस, प्रत्येक बाजूवर कोपऱ्यापासून एक दशांश अंतरावर खूण, खुणा जोडून आतला चौरस, त्याच्यात परत तसंच. आतला चौरस १८.१ सेमीचा होतो आणि ६.३ अंश फिरतो. १४ वेळा केलंत की जवळपास पाव फेरा होतो आणि चौरस ५ सेमीवर येतो, म्हणजे पाव फेऱ्यात चौथा हिस्सा. सोनेरी स्पायरल पाव फेऱ्यात १.६२ पट बदलते, तिच्या हिशोबाने चौरस १२.४ सेमीचा राहायला हवा होता. ५ कुठे आणि १२.४ कुठे, इतका फरक डोळ्यांनाही दिसतो. दोन्ही एकाच घराण्यातल्या, लॉगरिदमिक स्पायरल (दर फेऱ्याला ठरावीक पटीने बदलणारी), एवढं मात्र खरंय, खुणा जितक्या कोपऱ्याजवळ घ्याल तितकं ते नीट दिसतं. पण ती किती वेगाने आत जाते ते बहुभुजाच्या बाजूंवर ठरतं. खुणा अगदी कोपऱ्याला चिकटवून केल्या तर चौरसात पाव फेऱ्याला ४.८ पट. बाजू वाढवल्या की आकडा खाली येतो, दहा बाजूंना साधारण १.६७, अकरा बाजूंना १.५९. १.६२ या दोघांच्या मधे पडतं, म्हणजे अशा बारीक खुणांनी कुठल्याच सुसम बहुभुजातून सोनेरी स्पायरल निघत नाही. अकरा बाजूंचा बहुभुज तिच्या बराच जवळ जातो, आणि तो अजून कोणी विणून फोटो टाकलेला मला तरी दिसला नाही, कोणी केलात तर पाव फेऱ्याचं माप घेऊन नक्की कळवा.