निधी कसा खेचून आणावा

नगराध्यक्ष झालात, अभिनंदन. हार उतरले, गाडीवर पाटी लागली, आता शहरासाठी निधी आणायचा. त्यासाठी पहिलं पथ्य म्हणजे राज्यघटना वाचायची नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. नगररचनेपासून कोंडवाड्यापर्यंत १८ विषय शहरांकडे सोपवण्याची सोय झाली, पैशांच्या किल्ल्या मात्र वरच राहिल्या. जकात केव्हाच गेली. तिच्या बदल्यात येणारं सहायक अनुदान पगारांतच संपतं. घरपट्टी वाढवता येते, जरूर वाढवा. पुढच्या वेळचे हार मग दुसऱ्याच्या गळ्यात. तेव्हा हक्काची भाषा सोडा आणि निवेदन लिहायला घ्या.

मागायचं काय, इथेच नवखे घसरतात. पाणी चार दिवसाआड येतं, जलवाहिनी गळते, म्हणून ते भाबडेपणाने जलवाहिनी मागतात. अहो, जलवाहिनी जमिनीखाली असते! तिच्यासमोर फीत कापणार कुठे? प्रवेशद्वार मागा. ते दोन्ही बाजूंनी दिसतं आणि वर नाव लिहायला ऐसपैस जागा असते. तलावाचं सुशोभीकरण मागा. त्याच तलावात गटाराचं पाणी येतं, ते थांबवायचं काम मात्र मागू नका. तो विषय वेगळा, टेबल वेगळं. ओपन जिम, सेल्फी पॉइंट, कारंजं हे सगळं ‘वैशिष्ट्यपूर्ण कामां’च्या अनुदानात बसवता येतं. गळणाऱ्या नळात वैशिष्ट्यपूर्ण असं काय आहे? तो तर सगळीकडेच गळतो.

मोठी योजना हवीच असेल तर राज्याचं नगरोत्थान आहे, केंद्राचं अमृत आहे. त्यासाठी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो आणि डीपीआरसाठी सल्लागार. त्याच्याकडे तयार मजकूर असतो, तो फक्त गावाचं नाव बदलतो. हाती आलेला अहवाल एकदा चाळा. तुमच्या शहरात नसलेल्या नदीचा पूर त्यात आला असेल, तर तेवढं पान बदलून घ्या. न बदललंत तरी बिघडत नाही. तो वाचला जाईल अशी भीती बाळगू नका.

आता मंत्रालय. एकटे जाऊ नका, एकट्या माणसाचा फोटो चांगला येत नाही. दहा-बारा नगरसेवक घ्या, शाल घ्या, पुष्पगुच्छ घ्या. मंत्रिमहोदय उभ्याउभ्याच पत्र घेतील, कोपऱ्यात तिरक्या अक्षरात ‘तपासून सादर करावे’ लिहितील आणि खाली सही मारतील. त्या तीन शब्दांत एक रुपयाही नसतो, पण त्या कोपऱ्याचा फोटो गावात पोहोचेपर्यंत त्याचे दोन कोटी झालेले असतात. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा आला, तर परतीच्या गाडीचं बघा. खरं काम पुढेच असतं: कक्ष अधिकारी त्रुटी काढतो, तुमचे मुख्याधिकारी त्रुटीपूर्तता करतात, तोवर त्यांची बदली होते, नव्यांना फाइल सापडत नाही. या सगळ्याला ‘सातत्यपूर्ण पाठपुरावा’ म्हणायचं.

जिल्ह्यातही एक दार आहे, जिल्हा नियोजन समितीचं. अध्यक्ष पालकमंत्री. ते तुमच्या पक्षाचे असतील तर पुढचं वाचण्याची गरज नाही. नसतील तर शहराच्या विकासासाठी काय करावं लागतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पत्रकार परिषदेत मात्र ‘मतदारांचा कौल’ आणि ‘विकासाची गंगा’ हे शब्द एकाच वाक्यात यायला हवेत. आणि एकदा तिकडे गेलात की तिथेच राहाल असंही समजू नका. २०१९ आणि २०२२ मध्ये सरकारं बदलली, तेव्हा आधीच्यांनी मंजूर केलेल्या कित्येक कामांना नव्यांनी स्थगिती दिली. २०२२ ची स्थगिती तर उच्च न्यायालयापर्यंत गेली. म्हणून भूमिपूजन लवकर उरकावं. नारळ एकदा फुटला की त्याला स्थगिती देता येत नाही.

निधी येतो तो मार्चमध्ये, बहुधा शेवटच्या आठवड्यात. वर्षभर झोपलेली निधीवाटपाची प्रणाली रात्री साडेअकराला जागी होते आणि ३१ तारखेपूर्वी खर्च दाखवा म्हणते, नाहीतर रक्कम व्यपगत, म्हणजे परत गेलीच. अशा वेळी गावाला काय हवं याचा विचार करत बसू नये. पेव्हर ब्लॉक बसवावेत. आधीचे असतील तर ते काढून बसवावेत.

फलकाचं मात्र जपून. वर पक्षाचे नेते, मग मंत्री, पालकमंत्री, खासदार, आमदार. तुमचा फोटो तळाशी कुठेतरी, वॉर्डातल्या सात ‘भावी नगरसेवकां’च्या रांगेत. पैसे लोकांनी भरलेल्या करातूनच आले, असं फलकावर लिहायची टूम कुणी काढली तर त्याला संयोजन समितीत घेऊ नका. तसंही लोकांचा फोटो उपलब्ध नसतो.

राहिला स्वहिस्सा. योजनेतला आपला वाटा नगरपरिषदेने भरायचा असतो, हे सहसा उद्घाटनाची पत्रिका छापून झाल्यावर लक्षात येतं. पथदिव्यांचं बिल थकवलंत की बराचसा भागतो. कारंज्याचं वीजबिल मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही, तेव्हा ते उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण दाबाने चालवा आणि भरपूर फोटो काढून ठेवा. कारंज्याच्या दुरुस्तीचं निवेदन द्यायला जाल, तेव्हा सोबत जोडावे लागतील.