पानाविना जस्त

आमच्या प्रयोगशाळेत वातानुकूलन यंत्रासाठी आहे, माणसांसाठी नाही. नमुन्यातले धातू मोजणारे हे यंत्र 6000 ते 10000 केल्व्हिन तापमानाचा, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तप्त असा आर्गॉन वायूचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) पोटात बाळगते, त्यात पानांच्या द्रावणाचे तुषार सोडून अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करते आणि ते वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजते. तरीही खोली जरा तापली की रुसते. नमुने तयार करणारा मी मात्र शेजारच्या खोलीत, मे महिन्यातल्या नागपुरात, कूलरविना बसतो, कारण कूलरच्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीत लोखंडापासून ॲल्युमिनियमपर्यंत सारे काही असते.

काटोलकडच्या एका बागायतदारांनी संत्र्याची पाने आणून दिली होती. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जस्त कमी पडते आहे, हे त्यांनी आमच्या आधीच ओळखले होते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही मुळांच्या हाती लागत नाही. त्यांना हवा होता तो फक्त आकडा. मी पाने धुतली, वाळवली, अगेट या कठीण दगडाच्या खलात कुटली (पोलादी मिक्सरमध्ये क्रोमियम आणि निकेलची फोडणी बसते) आणि अर्धा ग्रॅम भुकटी नायट्रिक ॲसिडसह टेफ्लॉनच्या भांड्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये विरघळवली. सोबत ब्लँक, म्हणजे तेच ॲसिड, तेच भांडे, तेच सोपस्कार, फक्त पान नाही.

यंत्राने ब्लँकमध्ये जवळजवळ पानाइतकेच जस्त दाखवले.

पुढचे तीन दिवस मी संशयाने झपाटलेल्या सासूसारखा वागलो. पावडर लावलेले हातमोजे फेकले, भांडी रात्रभर ॲसिडमध्ये भिजवली, ॲसिडची नवी बाटली फोडली, पाण्यावरही विश्वास उरला नाही. मोजणी पडताळायला सफरचंदाच्या पानांची प्रमाणित भुकटी असते, तिच्यातले घटक आधीच अचूक ठरवलेले असतात. त्या पानांत किलोमागे सुमारे 12.5 मिलिग्रॅम जस्त असायला हवे. माझ्याकडे ते 19 भरले. ज्या पानांची जगभर साक्ष काढतात, तीही माझ्या टेबलावर येऊन खोटे बोलू लागली.

तिसऱ्या दुपारी मी घामोळ्यांनी हैराण होऊन मान खाजवली आणि काळ्या टेबलावर पांढरी भुकटी बर्फासारखी पडली. घरी जाऊन डबा उलटा करून वाचला. घामोळ्यांची पावडर, घटकांत झिंक ऑक्साइड. यंत्र अब्जांशात मोजते आणि मी सकाळ-संध्याकाळ मूठभर उधळत होतो.

पावडर बंद केल्यावर ब्लँक स्वच्छ आला, सफरचंदाची पाने शुद्धीवर आली आणि संत्र्याच्या पानांत जस्त खरोखरच कमी निघाले. उशिराचे कारण बागायतदारांना सांगणे भाग होते. मी मान खाजवत सगळे सांगितले. त्यांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “म्हंजे साहेब, झाडाले जस्त कमी, अन् तुमच्या मानेले जास्त!”