हनिमूनला गर्दीही हवी

हनिमूनच्या पॅकेजमध्ये ‘रोमँटिक सरप्राइज’ ही एक ओळ हमखास असते. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन हंस, केक आणि कँडल लाइट डिनर. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर घ्यावं. पण शेजारच्या खोलीतल्या जोडप्यालाही तेच मिळतं, त्याच्या शेजारच्यालाही तेच. ज्या माणसाशी लग्न केलं, त्याचं त्यात काहीच नसतं. याहून जास्त खटकते ती त्यामागची समजूत, की नव्या जोडप्याला लोकांपासून जितकं लांब न्यावं तितकं प्रेम लवकर जुळतं. माझ्या हनिमूनचा सगळ्यात रोमँटिक दिवस अर्धा नदीवर गेला आणि अर्धा हजारो अनोळखी माणसांच्या गर्दीत, ब्रायन ॲडम्स या कॅनेडियन रॉक गायकासमोर. लग्नसराई जवळ आलीय, मैत्रिणी आणि मावसबहिणी ‘कुठे जाऊ’ म्हणून विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं लग्न ठरवून झालेलं. दुसऱ्या भेटीत त्यानं विचारलं होतं, ‘तुला गाण्यातलं काय आवडतं?’ मी मिरजेची. आमच्याकडे हा प्रश्न विचारला की समोरचा किराणा घराण्याचंच काहीतरी ऐकायच्या तयारीत असतो. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत घातलेले बघत मी मोठी झाले. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीइतकाच आनंद आमच्या घरातही झाला. पण मी त्याला खरं ते सांगितलं. बाबांकडे ब्रायन ॲडम्सच्या ‘रेकलेस’ची कॅसेट होती, १९८४ चा अल्बम, आणि त्यातलं ‘समर ऑफ सिक्स्टी नाईन’ वाजवता यावं एवढ्यासाठी मी गिटार शिकले. कॉलेजच्या गॅदरिंगला ते वाजवलं, नंतर नोकरी लागली, गिटार माळ्यावर गेली. त्यानं ‘अच्छा’ म्हटलं आणि विषय बदलला. मला वाटलं, झालं, याला काही पडलेलं नाही.

लग्न नोव्हेंबरच्या शेवटी झालं. सत्यनारायण झाला, जेजुरीला जाऊन आलो. मार्गशीर्ष लागलेला, त्यामुळे गुरुवारचं कसं करायचं हा घरात मोठाच प्रश्न होता. तो सासूबाईंनीच सोडवला. म्हणाल्या, ‘या वर्षीचे गुरुवार मी धरते, तू पुढच्या वर्षी धर. जा तुम्ही.’ मेघालय हे नवऱ्यानं ठरवलं होतं. तारखा इतक्या नेमक्या का, हे मी विचारलं नाही, तो बोलला नाही.

१० डिसेंबर, मंगळवार. शिलाँगहून अंधार असतानाच निघालो. गाडी चालवणारे गृहस्थ खासी, म्हणजे तिथल्याच आदिवासी समाजातले होते, पन्नाशीचे. मोठ्या माणसाला तिकडे ‘बाह’ म्हणतात, तसंच आम्हीही म्हणत होतो. माझा हिरवा चुडा बघून त्यांनी विचारलं, नवीन लग्न का? मग स्वतःचं सांगायला लागले. त्यांची बायको घरातली धाकटी मुलगी. खासी लोकांत घर आणि वडिलोपार्जित मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, मुलं आईचं कुळ लावतात, आणि अशा मुलीशी लग्न केलेला पुरुष तिच्या घरी राहायला जातो. हेही गेले होते. ‘पहिले काही महिने अवघड गेलं,’ ते म्हणाले. ‘रात्री आईची आठवण यायची.’ पाठवणीला माझी आई ज्या तऱ्हेनं रडली होती, ते डोळ्यांसमोर आलं आणि मला एकदम भरून आलं. एवढ्या लांबचा, वेगळ्या भाषेचा, वयानं वडिलांएवढा पुरुष नेमकं तेच सांगत होता जे मला कुणाला सांगता येत नव्हतं. नवरा सगळं ऐकत होता. त्या रात्री त्यानं आपणहून म्हटलं, की दर महिन्यात मिरजेला जायचंच, दोघांनी. हे संभाषण एकांताच्या पॅकेजमध्ये झालं नसतं. तिसरं माणूस गाडीत होतं म्हणून झालं.

सीमेवरच्या डावकी गावाला उमनगोट नदी बांगलादेशात उतरते. थंडीच्या महिन्यांत तिचं पाणी इतकं नितळ असतं की होडी पाण्यावर आहे यावर विश्वास बसत नाही. तळाचा गोटा न् गोटा दिसतो आणि होडीची सावली त्या गोट्यांवरून सरकत जाते. वर १९३२ चा इंग्रजांनी बांधलेला झुलता पूल. थोडं पुढे गेलं की पाणी तेच, पण देश दुसरा. तिकडे जाफलाँगला आलेल्या बांगलादेशी सहलीतली पोरं आमच्याकडे बघून हात हलवत होती, आम्हीही हलवले. होडीवाल्यानं मध्येच वल्हं थांबवलं. नवऱ्यानं जॅकेटच्या आतल्या खिशातून आहेराचं पाकीट काढलं. खरंखुरं आहेराचं पाकीट, गणपतीचं, कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. मला वाटलं, लग्नातलं कुणाचं तरी द्यायचं राहिलेलं असेल. आत दोन तिकिटांचे प्रिंटआउट होते. ब्रायन ॲडम्स, शिलाँग, १० डिसेंबर २०२४. म्हणजे आजच!

दुसऱ्या भेटीत ‘अच्छा’ म्हणून विषय बदलणाऱ्या माणसानं ते वाक्य तेव्हापासून जपून ठेवलं होतं. मुहूर्त ठरल्यावर त्यानं दौऱ्याच्या तारखा बघितल्या आणि त्याप्रमाणे हनिमून आखला. माझ्यासाठी सरप्राइज ते तिकीट नव्हतं. आपलं बोलणं कुणीतरी इतकं मन लावून ऐकलं होतं, ते होतं. मी होडीत रडले. होडीवाला काळजीत पडला, त्याला नवऱ्यानं खुणेनं सांगितलं की सगळं ठीक आहे.

आता जो प्रश्न आल्यापासून आम्हाला सगळे विचारतात तो घेते. ब्रायन ॲडम्स त्याच दौऱ्यात १३ तारखेला मुंबईतही गाणार होता, मग शिलाँग कशाला? तर शिलाँगसाठीच शिलाँग. या गावात रॉक बाहेरून आणलेली चैन नाही. लू माजॉ नावाचे तिथले गायक १९७२ पासून दर वर्षी २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करत आलेत. सोलमेट हा ब्लूज वाजवणारा बँड इथला, शिलाँग चेंबर क्वायर हा गायकवृंद इथला. २००७ मध्ये स्कॉर्पियन्स हा जर्मन रॉक बँड इथे येऊन गाऊन गेला. मुख्यमंत्री कॉनराड संगमा यांचा इलेक्ट्रिक गिटारवर आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचं गाणं वाजवतानाचा व्हिडिओ २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिला असेल. खासी घरांतून मुलं लहानपणापासून चर्चमध्ये गातात, वेगवेगळ्या पट्टीतले आवाज एकमेकांत मिसळायला शिकतात. याचा परिणाम गर्दीत उभं राहिल्यावर कळतो.

डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आम्ही दुपारीच परतलो, अंगावर होते नव्हते ते लोकरीचे कपडे चढवले आणि पोलो भागातल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमकडे चालत निघालो. रस्त्यांवर ख्रिसमसची रोषणाई. रांगेत कॉलेजची पोरं तर होतीच, पण जैनसेम हा खासी बायकांचा पेहराव नेसून वर शाल घेतलेल्या आज्या होत्या, खांद्यावर पोर घेतलेले बाप होते. पुण्या-मुंबईच्या कॉन्सर्टला मी इतकी मिसळलेली वयं कधी पाहिली नव्हती. थेट आठवण झाली ती मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाची. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे संगीत सभा होते, तेव्हा सतारमेकर, रिक्षावाले, डॉक्टर, पोराबाळांसह बायका सगळे एकाच सतरंजीवर पहाटेपर्यंत बसतात. ऐकायला आलेल्यांची जात मला लगेच ओळखू येते, कारण मी तिच्यातलीच आहे.

आणि मग तो आला. पासष्ट वर्षांचा माणूस, अंगात किती जोर! शेजारी त्याच्या बँडमधल्या कीथ स्कॉटची गिटार, जी मी कॅसेट मागेपुढे करून करून बोटांत बसवली होती. ‘समर ऑफ सिक्स्टी नाईन’ची पहिली कॉर्ड वाजली आणि सगळं स्टेडियम गायला लागलं. आमच्या मागच्या मुली तर खालच्या पट्टीत दुसरा आवाज धरून गात होत्या. टाळ्या वाजवताना माझा चुडा खणखणत होता. शेजारच्या एका काँगनं (बाईला तिकडे मानानं ‘काँग’ म्हणतात) हात धरून तो नीट बघितला, हसली, आणि मग गाणं संपेपर्यंत हात सोडलाच नाही. नवऱ्याला गाण्याचे शब्द येत नव्हते. तो माझ्याकडे बघत होता. मला बेसूर ओरडताना, नाचताना, रडताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं. लग्नात सहा तास शालू नेसून, मान खाली घालून बसलेल्या मुलीला तो ओळखत होता. ही मी त्याला तिथे भेटले.

म्हणून म्हणते, प्रेमाला फक्त एकांत लागतो हे आपलं नाहीच. आपल्याकडे नवरी नवऱ्याचं नाव घेते ती भरल्या मांडवात, उखाण्यात. जेजुरीला नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो, तो येळकोटाच्या गजरात, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या माणसांच्या देखत. आठवडाभर आधीच त्यानं मला तसं उचललं होतं, आणि सगळे अनोळखी लोक आमच्यासाठी ओरडत होते. कोवळ्या नात्याला साक्षीदार लागतात, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. दार बंद करून एकमेकांकडे बघत बसण्याचं ओझं नव्या जोडप्यावर, विशेषतः ठरवून लग्न केलेल्यांवर, फार पडतं. काय बोलावं कळत नाही. दोघांनी मिळून तिसऱ्या कशाकडे तरी बघितलं की ते ओझं उतरतं.

कॉन्सर्ट संपल्यावर शिलाँगच्या ‘पोलीस बाजार’ या बाजारपेठेत मोमो खाता खाता त्यानं उखाणा मागितला. घेतला मी:

उमनगोटच्या तळाचा दिसतो खडान् खडा,
...रावांसंगे गिटार ऐकते, हाती हिरवा चुडा.

ज्या कुणी मैत्रिणी आत्ता बुकिंग करतायत, त्यांना एवढंच सांगते. नवऱ्याला रॉक आवडत नसेल तर रॉक नको. त्याला कुस्ती आवडत असेल तर मैदान गाठा, पक्षी आवडत असतील तर पहाटे उठा. आणि सरप्राइज नवऱ्यानंच द्यायचं असंही नाही. पुढच्या वेळी माझी पाळी आहे, त्याचं लहानपणचं वेड कशाचं होतं ते मी सासूबाईंकडून काढून ठेवलंय, इथे लिहिणार नाही कारण तो ही पोस्ट वाचणार. मेघालयला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पावसाळ्यात उमनगोट गढूळ असते. रविवारी खासी भागात बरीचशी दुकानं बंद असतात, त्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नका. डावकीला पहाटे निघा, अंधार लवकर पडतो. गाडीवाल्या बाहंचा नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये विचारा, त्यांची परवानगी घेऊन देईन.