संशोधकांचे करिअर आणि विज्ञानाचे समाजातील स्थान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपण वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. संशोधकांच्या परिषदांमध्ये शोधनिबंधांच्या जोडीने संशोधकांचे करिअर आणि विज्ञानाचे समाजातील स्थान या दोन्ही विषयांवर पुरेसा वेळ राखून चर्चा व्हावी, असे मी मागच्या लेखात सुचवले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. करिअरवरची सत्रे म्हणजे जनतेच्या पैशातून ऐकवलेले नोकऱ्यांचे रडगाणे, हा पहिला. समाजाविषयी बोलण्याचे व्यासपीठ दिले की २०१५ च्या मुंबईतील सायन्स काँग्रेससारखे (शास्त्रज्ञांच्या त्या अधिवेशनात प्राचीन विमानांवर भाषण झाले होते) प्रकार घडतात, हा दुसरा. आणि गाईड, म्हणजे पीएच.डी.चे मार्गदर्शक, समोर बसलेले असताना विद्यार्थी खरे बोलत नाहीत, हा तिसरा. तिसऱ्याशी मी बराचसा सहमत आहे, म्हणून तो शेवटी घेतो. पहिले दोन मात्र मला मान्य नाहीत.

ज्याला आपण रडगाणे म्हणता, त्यात नेमके काय असते ते पाहू. जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची, रक्कम २०१९ मध्ये दरमहा २५,००० रुपयांवरून ३१,००० झाली आणि २०२३ मध्ये ३७,००० झाली. २०१९ ची वाढ होण्यापूर्वी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले होते. पण रक्कम वाढणे वेगळे आणि ती हातात पडणे वेगळे. अनेक विद्यापीठांत विद्यार्थी त्या महिन्यात कामावर होता अशी नोंद एका कर्मचाऱ्याने पोर्टलवर करायची आणि दुसऱ्याने ती पडताळायची असते. दोघांपैकी एक जण रजेवर गेला, तरी पैसे अडकतात. पुण्यात खोली घेऊन राहणारा आणि घरून पैसे मागवू शकणारा विद्यार्थी हे तीन-चार महिने कसेबसे काढतो. ज्याच्या घरची शेती पावसावर अवलंबून आहे आणि ज्याच्याकडून घरच्यांनाच पैशाची अपेक्षा आहे, तो कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागतो आणि पुष्कळदा परत येत नाही. तो गेला की त्याच्या गावाकडचे पाण्याचे, पिकांचे, आजारांचे प्रश्न आतून ओळखणारा एक माणूस प्रयोगशाळेतून कमी होतो. म्हणून करिअरचा प्रश्न आणि समाजाचा प्रश्न वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोकांपुढे ठेवणे मला चुकीचे वाटते.

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे उदाहरण आपल्याला परिचयाचे असेलच. १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री असल्यामुळे प्रवेश नाकारला आणि त्यांनी माघार न घेतल्यामुळे पुढे अटी घालून दिला. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, हे त्या कामातून पुढे आले. नंतर त्या ग्राहक चळवळीतही उतरल्या. बंगळुरूचा तो नकार टिकला असता, तर या कामाचे काय झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. एका मुलीच्या प्रवेशाचा प्रश्न त्या वेळी कोणालाही वैयक्तिक तक्रारच वाटला असता.

शासनाच्या धोरणातही हे दोन विषय जोडलेलेच आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने मे २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. संशोधकाने वर्षातील किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत आणि वार्षिक मूल्यमापनात त्याची दखल घेतली जावी, असे त्यांत अपेक्षित आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला भेट द्या. ४५ मीटर व्यासाच्या त्या अँटेना पाहायला आसपासच्या शाळांची मुले येतात आणि संशोधक त्यांना रेडिओ लहरी म्हणजे काय हे सोप्या मराठीत समजावतात. आठवीतल्या मुलाच्या ‘इथून डोळ्यांनी तारे का दिसत नाहीत?’ या प्रश्नाला नीट उत्तर देणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. पण सहायक प्राध्यापकाच्या निवड समितीपुढे त्या कामाचे वजन किती पडते? हे विचारायला संशोधकांनी एकत्र बसायलाच हवे.

आता सायन्स काँग्रेसविषयी. प्राचीन भारतात विमाने होती असा दावा करणारे जे भाषण तिथे झाले, त्याचा मलाही संताप आला होता. पण ज्या ग्रंथाच्या आधारे असे दावे केले जातात, त्याची तपासणी बंगळुरूच्या पाच संशोधकांनी १९७४ मध्येच केली होती. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे उत्तर चाळीस वर्षे तयार होते, तरीही तसले भाषण कार्यक्रमपत्रिकेत बसू शकले. समाजासमोर बोलणे हे आपल्या कामाच्या बाहेरचे आहे असे मानून जाणकार दूर राहिले, की ती जागा दुसरे कोणीतरी घेतेच. त्यामुळे या घटनेवरून मी आपल्या निष्कर्षाच्या नेमका उलट निष्कर्ष काढतो.

राहिला गाईडसमोर बोलण्याचा मुद्दा. ज्याच्या सहीवर आपला प्रबंध अडकलेला आहे, त्याच्यादेखत उशिरा मिळणाऱ्या पैशांबद्दल किंवा रविवारीही बोलावण्याबद्दल कोण बोलेल? म्हणून पहिले सत्र फक्त विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर तात्पुरत्या पदावर संशोधन करणारे) यांचे असावे. प्रश्न चिठ्ठ्यांवर, नाव न घालता घ्यावेत आणि दुसऱ्या संस्थेतून आलेल्या सूत्रसंचालकाने ते दुपारच्या सत्रात सर्वांसमोर वाचावेत. त्या सत्राला गाईड आणि प्रशासनातले अधिकारी, दोघांनाही बोलावावे, कारण फेलोशिपच्या नोंदी कोणत्या टेबलावर थांबतात हे अधिकाऱ्यांनाच सांगता येईल. वेळ कुठून काढायचा असे आपण विचारले आहे. उद्घाटनाचे सत्कार आणि हारतुरे यांना लागणारा वेळ त्यासाठी वापरता येईल.