वर्गणी दिली तरी गुन्हा
रशियातून बाहेर पडलेल्या ‘मेदुझा’ या रशियन बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या लेखात त्यांच्या लाटव्हियातल्या रिगामधल्या ऑफिसबद्दल छान लिहिलंय, पण पैशाचा मुद्दा दोन ओळींत उरकलाय. खरी कोंडी तिथेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये रशियाने त्यांना ‘अनिष्ट संस्था’ ठरवलं. म्हणजे देशातल्या वाचकाने वर्गणी पाठवली तरी तो गुन्हा! इथे नौपाड्यात पेपरवाला बिल कडीला अडकवून जातो, आपण खाड्यांचे पैसे कापण्यावरून हुज्जत घालतो, विषय संपला. तिथे बंदी चुकवून वाचायला व्हीपीएन लागतं आणि खर्च परदेशातल्या वाचकांनी उचलायचा. शिवाय संस्थापक गालिना तिमचेंको यांच्या फोनमध्ये २०२३ मध्येच पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सापडलं, तेही त्या रशियाबाहेर असताना. (पेगॅससवर आपण काय बोलणार म्हणा!) त्यामुळे ‘बाहेर पडले आणि सुटले’ हा लेखाचा सूर काही पटला नाही.